वर भिणारं माणूस

माझी मामी भित्री होती. हे मी तिच्या पाठीमागे सांगत नाही. ती असताना तिच्या तोंडावर म्हणत असे आणि ती मान डोलावून "मग?" म्हणायची. मात्र साधं भित्रं माणूस वेगळं आणि मामी वेगळी. साधं माणूस भ्यालं की डोळे मिटतं, नाहीतर पाय काढतं. मामी भ्याली की डोळे ताणून बघत उभी राहायची. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती स्वयंपाकघर सोडत नसे. पाव्हणे गाडीत बसले तर गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उंबऱ्यात उभी, आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत जेवत नसे. तिच्यासोबत चार दिवस राहिलं की आपल्यालाही उगाच छातीत धडधडायला लागायचं.

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत सगळे तिला भयम् मामी म्हणत. तमिळमध्ये भयम् म्हणजे भयच, आणि मामी म्हणजे ब्राह्मणाघरची कोणतीही लग्न झालेली बाई. मला मात्र ती मराठी अर्थानं मामी, आईच्या सख्ख्या भावाची बायको. आमची घरं तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेली आणि परत जायचं विसरून गेलेली. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा माझं बोलणं ऐकून सासूबाई म्हणाल्या, ही पोथीतून उठून आली की काय. पुढे मी पुण्याची मराठी शिकले. मामीच्या तोंडची मराठी मात्र मला बदलून लिहिता यायची नाही. बदलली तर ती मामी राहणार नाही.

मामीच्या सगळ्या भयांत थोरलं भय पाण्याचं. कावेरीच्या घाटावर ती शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत यायची आणि तिथूनच तांब्याभर पाणी डोक्यावर घ्यायची. महामहमच्या पवित्र तळ्याशीही तेच. बाकी बायका गळ्याइतक्या पाण्यात पुण्य मिळवत असताना मामी काठावर तांब्या धरून प्रत्येकीकडे अशी बघत असायची, जणू यातली एखादी आता वर येणारच नाही. आणि हीच बाई पोटासाठी काय करायची, तर पाण्यात बुडी मारल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं, याचं संशोधन.

जवळच्या एका वैद्यकीय कॉलेजात ती शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. रोज बसनं जायची यायची. दम धरून बुडी मारणारे लोक हा तिचा जन्माचा विषय. त्यांचं हृदय, त्यांचं रक्त, त्यांना येणारी बेशुद्धी. यावर तिचे लेख बाहेरदेशी छापून येत आणि ते वाचून कुणी परदेशी माणूस तिला पत्रानं विचारी की तुम्ही स्वतः किती खोल जाता. मामा गणिताचे मास्तर, त्यांना आयतंच सापडायचं. ते म्हणत, "हिचें असें, कीं उपास करून स्वैंपाकावर ग्रंथ लिहायचा." मामी म्हणायची, उपाशी माणसालाच स्वयंपाक नीट दिसतो.

लहानपणी आम्ही सगळी भाचरं तिच्या प्रयोगांची गिऱ्हाइकं. कॉलेजातले खरे प्रयोग रीतसर चालायचे, पण एखादी कल्पना डोक्यात आली की तिला सोमवारपर्यंत धीर नसायचा. मग माजघरात पितळेचं मोठं गंगाळ यायचं. बसस्टँडजवळच्या सरबतवाल्याकडून बर्फ यायचा. आईकडून परवानगी, आमच्याकडून परवानगी, आणि मग एकेकानं तोंड पाण्यात घालायचं. बोटाला नाडीचा चिमटा लावलेला असे. तोंडाला गार पाणी लागताच धावणारी नाडी हळूहळू सावकाश व्हायची, आणि ते बघायला बाकीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची. मामी सांगायची, आता हिच्या हातापायांतलं रक्त आत ओढलं जातंय, काळजाकडे आणि मेंदूकडे. आता पाणथरी आवळतेय आणि राखून ठेवलेलं रक्त सोडतेय. पोटात डाव्या कुशीला असणाऱ्या प्लीहेला मराठीत पाणथरी म्हणतात, याचं तिला फार कौतुक. "पाहा," ती म्हणायची, "आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. पाण्यांत कामास येते म्हणून नांवच पाणथरी ठेविलें." मी विचारलं, खरंच? "नाहीं गे," ती म्हणाली, "पण तसें असतें तर किती बरें झालें असतें."

मौज फक्त आम्हाला वाटायची. मामीचा चेहरा पांढरा पडलेला असायचा. तिचा एक हात आमच्या वेणीत असे, आणि जरा कुठे खांदा हलला की वेणी धरून डोकं वर. आम्ही ओरडायचो, मामी, अजून राहता आलं असतं. कॉलेजातही तीच रड. तिचे सहकारी म्हणत की बाईंचे आकडे नेहमी तोकडे असतात, माणसाला हौसेनं जेवढं राहता येईल तेवढं त्या राहूच देत नाहीत. त्यावर तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "आंकडा पुन्हा मिळतो. मनुष्य पुन्हा मिळत नाहीं."

माझं लग्न झाल्यावर नवरा पहिल्यांदा कुंभकोणमला आला तेव्हा तोही गंगाळापुढे बसला. मामी चिमटा लावून म्हणाली, "दम धरा, जावईबापू." तो बिचारा पुण्याचा. दम धरा म्हणजे जरा थांबा, घाई नको. तो हाताची घडी घालून शांत बसून राहिला. मामी त्याच्याकडे बघतेय, तो मामीकडे बघतोय, बर्फ वितळतोय. शेवटी मामांनी उलगडा केला की आमच्याकडे दम धरणं म्हणजे खरोखरच श्वास कोंडून धरणं. मामी हसली, पण मग तिनं एकदम गंगाळ उचलून न्यायला सांगितलं. त्या दिवशी प्रयोग झालाच नाही. असं का, ते तेव्हा मला कळलं नाही.

तरुणपणी ती संशोधनासाठी दक्षिणेच्या किनाऱ्यावर जायची. तिथे शंख काढायला बुडी मारणारे लोक आहेत. नाकाला ना नळी ना काही, एका दमात तळाशी जाऊन वर यायचं. जुनी रीत अशी की बुडणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक होडीत त्याच्या मेव्हण्याच्या हातात. भावाच्या नाही, बापाच्या नाही, बायकोच्या भावाच्या. मामीला ही रीत फार आवडायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, अगदी सरळ आहे. दोराशी काही बरंवाईट झालं तर कुंकू पुसलं जाणार ते त्याच्या बहिणीचं. त्याच्याएवढं भिणारं दुसरं कोण मिळणार? "खालीं जाणाऱ्यास दम पाहिजे," ती म्हणायची, "आणि वर भिणारें मनुष्य पाहिजे. दोहोंपैकीं एक असलें तर पुरत नाहीं."

आता मामांविषयी. मामा तसे प्रेमळ, पण धर्माच्या बाबतीत हट्टी. कावेरीला पाणी असलं की स्नान नदीतच. आणि त्यांचं स्नान म्हणजे अघमर्षण. डोक्यासकट पाण्याखाली जायचं आणि वर न येता पापनाशाचं ते सूक्त मनात तीन वेळा म्हणायचं. हल्ली हे करणारे बोटावर मोजण्याइतके. बहुतेक जण नाक धरून एक बुडी मारतात आणि मोकळे होतात. मामांचे वडील मात्र सत्तरीपर्यंत एका दमात तीन आवृत्त्या करत, सावकाश, स्वर न चुकवता. मामांनी तेच धरून ठेवलं होतं. वडिलांचं दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं, असं ते म्हणत.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यानंतर मामीनं हे पाहिलं आणि तिची झोप उडाली. तिनं नको म्हटलं नाही. नको म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, फक्त भिणं होतं. दुसऱ्या दिवशी ती आपलं एक जुनं नऊवारी सुती लुगडं घेऊन घाटावर गेली आणि त्याचं एक टोक मामांच्या कमरेला बांधलं. मामा म्हणाले, निदान सुरगाठ मार, लोक बघताहेत. तिनं निरगाठ मारली. दुसरं टोक मुठीत घट्ट धरून कोरड्या पायरीवर उभी राहिली. मामांनी विचारलं, हे काय? "मज भाऊ नाहीं," मामी म्हणाली, "म्हणून मीच धरतें."

गल्ली हसून हसून लोळायची. भयम् मामी नवऱ्याला वासरासारखी दाव्याला बांधून पाण्यावर नेते, असं फुलवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे बोलले. मामी कशाला ढळते? एक आवृत्ती झाली की मामांनी लुगड्याला खालून एक हिसका द्यायचा, असं ठरलं. हिसका आला की वर मामीचा श्वास सुटे. कारण मामा पाण्याखाली असेपर्यंत तीही श्वास घ्यायची नाही. मुद्दाम नव्हे, तिला घेताच यायचा नाही. वर्षानुवर्षं दोघं नवरा-बायको रोज सकाळी असे एकाच दमावर जगले. मामा डोकं वर काढून म्हणायचे, "अगो, आहें गे." अगो हे त्यांचं तिला हाक मारायचं नाव. मामीचं खरं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

मामांची साठी उलटली आणि दम कमी पडायला लागला. तीनच्या दोन आवृत्त्या व्हायला लागल्या. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. मग कुणीतरी त्यांना फोनवर एका योगगुरूचं चित्रण दाखवलं. बुडी मारण्याआधी भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायचा आणि सोडायचा, डोकं हलकं होईपर्यंत. मग पाण्याखाली कितीही वेळ श्वासाची आठवणच होत नाही. मामांनी घाटावर करून पाहिलं आणि तिसरी आवृत्ती पुरी करून वर आले. तरुण झाल्यासारखे हसत होते. मामीला म्हणाले, "अगो, मी पहिल्यानें दम भरून घेतों. मग आंत कांहीं त्रासच होत नाहीं."

मामीचा सगळा जन्म ज्या एका गोष्टीला भिण्यात गेला होता ती गोष्ट तिचा नवरा हसत सांगत होता.

मी त्या दिवाळीला आले होते. मामीनं मला आणि मामांना समोर बसवून समजावलं. श्वास कोंडल्यावर जीव घाबरा होतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे. तो होतो रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. तो आपला राखणदार. प्राणवायू संपायच्या पुष्कळ आधी तो आरडाओरडा करतो, वर चल, वर चल. भात्यासारखा श्वास घेतला की प्राणवायू फारसा वाढत नाही, पण तो राखणदार मात्र बाहेर हाकलला जातो. मग आत त्रास होत नाही, हे खरं. ओरडायला कुणी उरलेलंच नसतं. प्राणवायू संपतो आणि दिवा मालवावा तसं माणूस विझतं, त्याला स्वतःला न कळता. पट्टीचे पोहणारे असेच जातात, गळ्याएवढ्या पाण्यात.

मी म्हटलं, गंमत आहे मामी, पुण्यात दम भरणं म्हणजे कुणाला तरी रागावणं, धाक घालणं. मला वाटलं ती हसेल. ती मामांकडे वळली आणि म्हणाली, "ऐकिलें? पुण्याचे लोक बरोबर बोलतात. तुम्ही आपल्या जिवास दम भरतां. तो भिऊन ओरडूं पाहतो, त्यास तुम्ही दटावतां, गप्प बस म्हणून. माझें भय तुम्हांस नको असलें तर नको. पण त्याचें भय तरी त्यास राहूं द्या."

मामा नरमले. भाता बंद, असं त्यांनी देवासमोर कबूल केलं. मामीनं विश्वास ठेवला. म्हणजे ठेवला आणि भीतही राहिली.

पुढच्या वर्षी ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमाराला, मी पुन्हा आले. या महिन्यात कावेरीचं स्नान मोठं पुण्याचं. पाऊस लागलेला, नदी गढूळ आणि फुगलेली. त्याच आठवड्यात मामी तापानं पडली. मामा स्नान चुकवणार नाहीत हे तिला माहीत होतं. तिनं मला अंथरुणाजवळ बोलावलं आणि लुगडं माझ्या हातात दिलं. तिचे हात कढत होते. मी विचारलं, किती वेळ थांबायचं ते सांग, मी फोनवर वेळ लावते. ती एकदम कोपरावर उठली. "मोजूं नकोस, रुक्कू," ती म्हणाली. "मोजतांना मनुष्य भ्यायचें विसरतें. तूं फक्त भी."

तिच्या सांगण्याचं मला हसू आलं होतं, ते घाटावर पोचेपर्यंत टिकलं. पण मामांच्या कमरेला निरगाठ मारली आणि ते एकेक पायरी उतरून त्या मातकट पाण्यात दिसेनासे झाले, तेव्हा ते पार पळालं. पाण्यावर नुसतं पाणी. माणूस होतं आणि नाही. मामीनं हे रोज कसं सोसलं? मग लुगड्याला हिसका बसला. पहिली आवृत्ती. मी श्वास घेतला आणि तेव्हा कळलं की तोवर घेतला नव्हता.

दुसरा हिसका आला, पण तो हिसकाच का, ते मला कळेना. लुगडं ताणलं गेलं, सैल पडलं, पुन्हा ताणलं गेलं. नदीला ओढ होती. ही ओढ मामांची की कावेरीची? शेजारी दोघे जण अंग घासत गप्पा मारत होते. वर देवळात घंटा वाजली. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. शहाणं माणूस थांबलं असतं. तिसरी आवृत्ती बाकी आहे, मामा चिडतील, सगळं खरं. मी भ्याले आणि ओढलं.

लुगडं जड आलं. माणूस ओढल्यावर जसं उलट ओढतं तसं काही खालून आलं नाही. पाण्यात भिजलेलं गाठोडं यावं तसे मामा आले, तोंड खाली. मी किंचाळले. त्या दोघांनी उडी घेऊन त्यांना पायरीवर घेतलं. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे आणि त्यात कुणी नाही. गंगाळाच्या काळात मामीनं आम्हाला शंभरदा घोकून घेतलेलं तेव्हा आपोआप हातांत आलं. हनुवटी वर उचल. तोंड मोकळं कर. गालावर थोपट, नावानं हाक मार. श्वास आला नाही तर तू दे. मी त्यांच्या तोंडावर तोंड ठेवून एकदा फुंकलं, पुन्हा फुंकलं. मग त्यांच्या छातीत कसलासा खरखराट झाला आणि त्यांनी ढेकर द्यावा तसा श्वास घेतला. डोळ्यांत हळूहळू माणूस परत आलं. ते म्हणाले, दोन झाल्या, तिसरी चालू आहे. वर आलोय हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातून तपासून घरी आणल्यावर मामांनी स्वतःच सांगून टाकलं. वडिलांच्या तिथीचा महिना, तीन व्हाव्यात अशी फार इच्छा, म्हणून घरातच देवघराचं दार लावून भाता केला होता. मामी तापातून उठून आली होती. ती रागावली नाही. त्यांच्या पायाशी बसून तिनं त्यांचा घोटा हातात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

दुपारी ओट्यावर तिनं मला ते सांगितलं. किनाऱ्यावरची गोष्ट. ती तेव्हा तरुण, हातात वेळ मोजायचं घड्याळ, होडीत बसलेली. खाली एक नावाजलेला बुडी मारणारा, आणि दोर त्याच्या मेव्हण्याच्या हातात. घड्याळ पुढे चाललं होतं. एवढा मोठा आकडा तिला अजून मिळाला नव्हता. मेव्हणा अस्वस्थ झाला आणि दोर ओढायला लागला.

"मी त्यास म्हणालें, पोरु. तमिळमध्यें म्हणालें. म्हणजे तुझ्या पुण्याचें, दम धर." मामी माझ्याकडे बघत नव्हती. "खालीं एकानें दम धरिला होता तेवढें पुरें होतें, रुक्कू. मी वरच्यासही दम धर म्हणालें. मी खूश होतें. आंकडा वाढत होता म्हणून."

मी विचारलं, मग?

"त्यानें माझें ऐकिलें नाहीं. ओढिलें. तुझ्या मामांसारखाच वर आला तो खालचा. वांचला, पण पुन्हा पाण्यांत गेला नाहीं, आणि कित्येक नांवें विसरला. त्या मेव्हण्यास यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. तो नुसता भ्याला होता. मज सगळें ठाऊक होतें आणि मी भ्यालें नव्हतें."

तिनं गंगाळ का उचलायला लावलं होतं, वेण्या का ओढायची, आकडे तोकडे का ठेवायची, हे सगळं मला तेव्हा एकदम कळलं. मी तिच्या जवळ सरकून बसले. तिच्या अंगात अजून ताप होता.

त्यानंतर मामांनी भाता सोडला तो कायमचा. एकच आवृत्ती करत, आणि मामी लुगडं धरत राहिली. गल्लीत कुणी हसेनासं झालं. उलट नदीला पाणी वाढलं की घाटावरच्या बायका आपल्या नवऱ्यांना सांगत, भयम् मामी उभ्या आहेत तोवर आटपून घ्या.

मग मामीला फुप्फुसांचं दुखणं लागलं आणि ते फार भराभर वाढलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा ती दवाखान्यात होती. नाकाला नळी, आणि बोटाला तोच चिमटा. चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा खाली खाली येत होता आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडेच बघत होते. तिनं बोट हलवून मला खुणावलं, तिकडे बघू नकोस. मी तिचा हात धरला. विचारायला नको होतं, पण विचारलं, मामी, भय वाटतंय का गं?

तिला एकेक शब्दाला श्वास लागत होता. तरी तिच्या चेहऱ्यावर मी जन्मात पाहिली नव्हती अशी स्वस्थता होती. "बुडणारानें भ्यायचें नसतें," ती म्हणाली. "तें वरच्यांचें काम. आतां तुम्ही भ्या."

आम्ही भ्यालो. मामा आणि मी दोन बाजूंना उभे राहून भ्यालो, तिनं शिकवलं होतं तसे डोळे उघडे ठेवून. मामांनी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

वर्षभर मामा नदीवर गेले नाहीत. ते लुगडं माजघरात दोरीवर होतं तिथंच राहिलं, कुणी हात लावला नाही. पुढच्या ऐप्पसीला मी आले तेव्हा एका सकाळी त्यांनीच ते खाली काढलं आणि मला म्हणाले, रुक्कू, चल. घाटावर त्यांनी ते स्वतः कमरेला बांधलं आणि दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, मामा, राहू दे ना. तांब्यानं घ्या. त्यांनी टोक तसंच पुढे धरून ठेवलं. मी टोक घेतलं तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे निरखून पाहिलं. हात थरथरत होता.

"सरि, बरें," ते म्हणाले, "मग हरकत नाहीं." आणि ते उतरले.

पाणी त्यांच्या डोक्यावरून मिटलं. मी मोजलं नाही. मी काहीच केलं नाही, फक्त भ्याले, आणि त्याच क्षणी दोन्ही हातांनी सगळं बळ लावून ओढलं. मामा धडपडत, ठसकत वर आले, नाकातोंडात पाणी, पण डोळ्यांत लख्ख माणूस. पायरीचा आधार घेऊन त्यांनी तोंड पुसलं. ते हसत होते की रडत होते, ओल्या तोंडावर सांगता येईना.

"एक अक्षर तरी म्हणूं द्यायचें होतेंस, अगो," ते म्हणाले.

मला ते रुक्कू म्हणत. अगो ते फक्त तिला म्हणत.